ओढणीवरचा हात

भारत भोये मूळचा पेठच्या डोंगरातला. आयटीआय करायला म्हणून नाशकात आला आणि इथलाच झाला. सिडकोत पवननगरच्या बाजारामागे त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, पण हल्ली दुरुस्तीपेक्षा त्याला वेगळ्याच कामाला बोलावणी येतात. माणसं हौसेने पंचावन्न इंची टीव्ही घेतात, भिंतीला लावून घेतात, आणि आठ दिवसांत तक्रार सुरू होते. शोरूममध्ये कसं लख्ख दिसत होतं, घरी सगळं पुसट पुसट का? मग कोणीतरी सांगतं, भारतभाऊंना बोलवा, ते चित्र बसवून देतात.

भारत समजावून सांगे, की चॅनल जुन्या पद्धतीचं, त्याच्या चित्रात ठिपके थोडे. पडदा नवा, त्याला ठिपके हवेत कितीतरी जास्त. मधली जागा टीव्ही आपल्या अंदाजाने भरतो आणि अंदाज फार झाला की माणसं मेणाची दिसायला लागतात. मग तो रिमोट घेऊन बसे. भडक रंगांचा मोड काढून टाकी, शार्पनेस पार खाली आणी, ताणलेलं चित्र पुन्हा त्याच्या मूळच्या मापात बसवी. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या की घरचे कुरकुरत, पण बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा परत माणसासारखा झाला की गप्प होत. या कामात आपल्या तोडीचा नाशकात दुसरा कोणी नाही असं त्याला वाटे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्याला वडाळा नाक्याजवळ मुस्तकीम शेख यांच्या घरी बोलावणं आलं. मुस्तकीमभाई अंबडच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. घरात बायको रेहाना आणि मुलगी झेबा, कॉलेजात शिकणारी. टीव्ही नवा कोरा होता. भारतने अर्ध्या तासात चॅनलचं चित्र बसवून दिलं. मुस्तकीमभाई खूश झाले आणि कोणाला तरी भेटायचंय म्हणून बाहेर पडले. भारतही निघणार, तेवढ्यात झेबा म्हणाली की काका, आणखी एक काम आहे. अम्मी-अब्बांच्या लग्नाची डीव्हीडी आहे. जुन्या टीव्हीवर बरी दिसायची, यावर बघवत नाही.

जुना डीव्हीडी प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने टीव्हीला जोडलेला होता. झेबाने डिस्क घातली. पडद्यावर दोन गुलाब उमलले, त्यांच्या मधून नावं बाहेर आली, मुस्तकीम आणि रेहाना, येवला, मे २००५. आणि खाली, बारीक अक्षरात, भारत व्हिडिओ, नाशिक.

भारतच्या हातातला रिमोट तसाच राहिला. झेबाने ते नाव मोठ्याने वाचलं आणि त्याच्याकडे वळून विचारलं, की काका, हे तुम्हीच का? त्याने मान हलवली. रेहाना स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिला काही तो आठवत नव्हता. लग्नात ती ओढणीखाली मान घालून बसलेली, आणि तेव्हाचा चोवीस वर्षांचा काटकुळा पोरगा आता चव्वेचाळीसचा, पोट सुटलेला झाला होता. पण तिला फार आनंद झाला. ज्याने काढलं त्याच्याच हातून आता ते स्वच्छ होणार, असं ती दोनदा म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

भारतने काम सुरू केलं. चित्र ताणलेलं होतं, ते त्याने चार-तीनच्या मापात आणलं. नवरदेव मुस्तकीम एकदम सडपातळ झाला आणि झेबा हसली. शार्पनेस उतरवल्यावर कडांवरच्या पांढऱ्या रेघा गेल्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद केली. हळूहळू वीस वर्षांपूर्वीचा मांडव उभा राहिला. निळी कनात, बिर्याणीची डेग, मुंडासं बांधलेले म्हातारे, आणि लाल ओढणीतली रेहाना. ओढणीच्या काठावरचे हिरवे पोपट मोजता येतील इतके स्पष्ट झाले.

रेहाना चहा घेऊन आली ती पडद्यासमोर उभीच राहिली. ती ओढणी तिच्या वडिलांनी, निसार यांनी, स्वतः विणलेली होती. ते येवल्याचे पैठणीचे विणकर. पैठणीचा मुनियाचा, म्हणजे पोपटांचा, काठ त्यांनी लेकीसाठी ओढणीवर उतरवला होता, चार महिने, गिऱ्हाइकांचं काम संपल्यावर. ते चार वर्षांपूर्वी वारले. कॅमेऱ्यासमोर उभे राहायला ते कधीच तयार नसत. आधार कार्डावरचा सोडला तर त्यांचा एकही फोटो घरात नव्हता.

“भाऊ, आता रुखसती लावा, माझी पाठवणी,” रेहाना म्हणाली. “त्यात अब्बांचा हात आहे. माझ्या डोक्यावर ठेवलेला. तेवढंच आहे त्यांचं माझ्याकडे.”

भारतला ठाऊक होतं, त्या शेवटच्या भागात काय आहे. तो हात निसारचाचांचा नव्हता. ते डोकंही रेहानाचं नव्हतं.

झेबाने पुढे ढकलत ढकलत ती जागा आणली. जेवणाच्या पंगती संपल्या, फुलांनी सजवलेली जीप दिसली, आणि मग ती अकरा सेकंदं आली. भारतने तोवर रिमोट उचलला होता. चित्रातले कण पुसण्याची सोय असते, ती त्याने शेवटपर्यंत चढवली. सगळं साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखं झालं. एक लाल गोळा, त्यावर एक गव्हाळ डाग. अकरा सेकंदांनी जीप धूळ उडवत निघाली.

रेहानाचा चेहरा उतरला. बाकी सगळं इतकं छान झालं आणि हेच का असं, असं तिने विचारलं. भारतने सांगितलं, डिस्कला तिथे चरा पडलाय, जुनं आहे, आता यापुढे काही होणार नाही. झेबाने त्याच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, चरा पडला तर चित्र अडकतं ना काका, असं धूसर कसं होईल? भारत म्हणाला, असंही होतं कधी कधी. चहा अर्धा टाकून तो उठला. कामाचे पैसे पुढे केले ते त्याने घेतले नाहीत, आणि त्यामुळे रेहानाला तो आणखीच भला माणूस वाटला, हे त्याला दारातच कळलं.

वडाळ्याहून सिडकोपर्यंत तो गाडी चालवत गेला, पण डोक्यात येवलाच होतं.

दोन हजार पाच साली तो दुकान सांभाळून लग्नाच्या शूटिंगची कामं घेत असे. त्या दिवशी येवल्याचा निकाह दुपारी झाला. जेवणं उरकली. चारच्या सुमारास निसारचाचा त्याला शोधत मांडवामागे आले होते. अंगात धुवट पांढरा कुर्ता, धाग्याने कापून कापून कडक झालेली बोटं. ते म्हणाले होते, “बेटा, मी कधी कॅमेऱ्यासमोर आलो नाही. पण पोरीला निरोप देताना एकदा काढ. तिच्याजवळ राहील.”

“चाचा, काळजी करू नका. मी इथेच आहे,” भारतने सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी नाशकात द्वारका चौकाजवळ त्याने एक रिसेप्शन धरलेलं होतं. रुखसती पाचला होणार होती. पाच वाजले तरी वरातीकडची माणसं तयार होईनात, मग नमाज झाली, मग कोणाची तरी बॅग सापडेना. साडेपाचची नाशिकची एसटी स्टँडवर लागलेली त्याला मांडवातून दिसत होती. त्याने कॅमेरा बॅगेत घातला आणि कोणाला न सांगता निघून गेला. चाचांना सांगितलं असतं तर थांबावं लागलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

कॅसेट जोडायला बसला तेव्हा रुखसतीची जागा रिकामी होती. महिन्याभरापूर्वी नाशकातच एका मुसलमान कुटुंबातलं लग्न त्याने काढलं होतं, त्यात बापाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवल्याचं मागून घेतलेलं चित्र होतं. लाल ओढणी, वर हात, चेहरा कोणाचाच नाही. ते त्याने उचलून इथे बसवलं. एकवीस इंची टीव्हीवर कोणाला काय कळणार होतं.

आणि कोणाला कळलंही नाही. एकट्या निसारचाचांना कळलं. डीव्हीडी द्यायला भारत स्वतः येवल्याला गेला, तेव्हा चाचांनी त्याला बसवून घेतलं आणि मागाशेजारच्या टीव्हीवर ती लावली. त्यांनी सगळं नीट पाहिलं. ती अकरा सेकंदं आली तेव्हा त्यांनी मांडीवरचा आपला हात उलटा करून पाहिला. मग भारतकडे पाहिलं. भारतला वाटलं, आता हे बोलणार. चाचा उठले, आत जाऊन सांगून आले आणि म्हणाले, “चहा घेऊन जा.” भारतने तो चहा प्यायला होता. पुढच्या वर्षी त्याने शूटिंगची कामं सोडली. कोणी विचारलं तर म्हणायचा, आता घरोघर कॅमेरे आले, धंद्यात राम राहिला नाही.

बुधवारी झेबाचा फोन आला. तिने इंटरनेटवर बघून काढलं होतं की ती तीन रंगांची वायरच चित्र खराब करते; एचडीएमआयचा प्लेअर मिळाला तर तीच डिस्क जास्त स्वच्छ दिसेल. मैत्रिणीकडून तसा प्लेअर ती शनिवारी आणणार होती. आणि अम्मीने ट्रंकेतून ओढणी काढून ठेवलीय, म्हणाली. पडद्यावर नानांचा हात आणि समोर ओढणी, असं तिला बघायचंय.

प्लेअर लागला की ते चित्र जसं आहे तसं दिसणार होतं. त्या दुसऱ्या ओढणीला सोनेरी सरळ पट्टी होती, पोपट नव्हते. आणि त्या हाताला शर्टाची बटणवाली बाही होती, घड्याळ होतं. निसारचाचांनी उभ्या आयुष्यात घड्याळ घातलं नव्हतं.

“त्यापेक्षा असं कर,” तो म्हणाला, “डिस्क माझ्याकडे आणून दे. मी कॉम्प्युटरवर घालून सुधारून देतो. टीव्हीपेक्षा चांगलं होईल.”

हे बोलताना त्याचा आवाज इतका सहज निघाला की त्याला स्वतःचंच नवल वाटलं. झेबा संध्याकाळी कॉलेजातून येताना डिस्क देऊन गेली. थँक्यू काका म्हणाली.

जुन्या चित्रातले तपशील वाढवून देणारी सॉफ्टवेअरं आता सगळ्यांना माहीत आहेत. दुकानाचं शटर अर्धं ओढून भारत बसला आणि ती अकरा सेकंदं त्याने कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. चित्र त्या सॉफ्टवेअरमधून काढलं, तर हात एकदम जवळ आला. आधी जिथे नुसता गव्हाळ रंग होता, तिथे नखं आली, सुरकुत्या आल्या, एका बोटावर तीळही आला. ही नखं कोणाचीच नव्हती. मशीनने आपल्या मनाने लावली होती. त्याने घड्याळ पुसून पाहिलं, पुसलं गेलं. बाही पांढरी केली. मग रेहानाच्या खऱ्या चित्रातला पोपटांचा काठ कापून तो इथे चिकटवता येईल का हे बघायला लागला. दोन पोपट बसलेसुद्धा.

तिसरा पोपट बसवताना त्याचा हात थांबला. कोणी आलं नव्हतं, फोन वाजला नव्हता. त्याला फक्त हे दिसलं की चोवीस वर्षांच्या पोराने घाईत केलं होतं ते आता चव्वेचाळीस वर्षांचा माणूस निवांत बसून, जास्त सफाईने करतोय. शटर अर्धं उघडं होतं, बाहेर भाजीवाल्यांची गडबड चालली होती, आणि त्याला वाटलं, आता कोणीतरी वाकून आत बघेल. त्याने केलेलं सगळं पुसून टाकलं. घरी जाऊन जेवला नाही. बायकोने विचारलं तर पोट बरं नाही म्हणाला.

नंतरचे दोन दिवस तो माळ्यावरच्या जुन्या कॅसेटा उपसत बसला. निदान निसारचाचांचं दुसरं काहीतरी, दोन सेकंदांचं का होईना, सापडावं. पण त्या काळी तो एकच कॅसेट चार-चार लग्नांना वापरत असे. येवल्याच्या कॅसेटवर त्याने नंतर कोणाचं तरी बारसं घेतलं होतं.

शनिवारी तो डिस्क घेऊन वडाळ्याला गेला. मुस्तकीमभाई कामावर होते. एचडीएमआयचा प्लेअर येऊन पडला होता, आणि सोफ्यावर ती ओढणी घडी मोडून पसरलेली होती. रेहानाने विचारलं, झालं का काम? तो म्हणाला, आधी बसा ताई. आणि मग उभ्यानेच त्याने सांगून टाकलं, की तो हात तुमच्या अब्बांचा नाही.

रेहानाला पहिल्यांदा समजलंच नाही. त्याने पुन्हा सांगितलं. एसटीचं सांगितलं, रिसेप्शनचं सांगितलं, दुसऱ्या लग्नाचं सांगितलं. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण प्रत्येक गोष्टीला कारण देतोय, आणि तो मध्येच थांबला.

“लावा,” रेहाना म्हणाली.

“ताई, कशाला...”

“लावा. स्वच्छ करून लावा. तुम्हाला येतं ना.”

त्याने प्लेअर जोडला, मुद्दाम चढवून ठेवलेली कण पुसण्याची सोय खाली आणली, आणि ती अकरा सेकंदं लावली. अख्ख्या भिंतीवर तो हात आला. जाड बोटं, सोनेरी पट्ट्याचं घड्याळ, बाहीचं बटण. खाली सरळ सोनेरी पट्टीची ओढणी. झेबाने सोफ्यावरच्या ओढणीचा काठ हातात घेतला होता, तो तिने हळूच खाली ठेवला.

रेहानाने ते परत लावायला सांगितलं. मग परत. मग म्हणाली, “मी या माणसासाठी रडले, भाऊ. अब्बा गेले त्या महिन्यात मी रोज हे लावत होते.”

भारतने खाली पाहिलं. पायातले मोजे फाटलेले होते, अंगठा बाहेर आला होता, आणि त्याला उगीचच तो झाकावासा वाटला. मग ज्याच्यासाठी खरं तर तो आला होता ते त्याने सांगितलं, की निसारचाचांना हे माहीत होतं. त्यांनी पाहिलं, आपला हात बघितला, आणि मला चहा पाजला.

रेहाना ओढणीशेजारी सोफ्यावर बसली. मग म्हणाली, म्हणून ते त्या वेळेला उठून पाणी प्यायला जायचे. आम्ही येवल्याला जमलो की सगळे मिळून बघायचो, आणि रुखसती आली की अब्बा आत जायचे. मला वाटायचं, त्यांना रडू येतं.

मग तिने जे सांगितलं, ते भारतच्या मनात सगळ्यात खोल गेलं. ती म्हणाली, मला आता आठवतच नाही. मी मान खाली घालून होते, डोळ्यांत पाणी होतं. डोक्यावर हात ठेवला ही आठवण माझी आहे का या टीव्हीवरची आहे, ते मला सांगता येत नाही. तुम्ही चित्र खोटं घातलं ते एक. पण माझं खरं काय होतं ते कुठे गेलं?

झेबा म्हणाली, काका, तुम्ही आता जा.

तो गेला. आठ दिवस त्याने दुकान उघडलं आणि बंद केलं, एवढंच. चित्र बसवायला दोन बोलावणी आली, ती त्याने दुसऱ्याकडे पाठवली. नवव्या दिवशी रेहानाचा स्वतःचा फोन आला. येवल्याला त्यांच्या शेजारी तानुबाई राहतात, ती म्हणाली. अब्बांच्या बरोबरीने मागावर बसायच्या. त्या दिवशी त्या माझ्या शेजारी होत्या. मी त्यांना विचारायला चाललेय. तुम्ही पण या. तुम्ही ऐकायला पाहिजे.

भारतने आपली गाडी काढली. मागच्या सीटवर मायलेकी बसल्या. निफाडच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिच्या मागे मागे तासभर गेला.

तानुबाई सत्तरी ओलांडलेली, पाठीतून वाकलेली, पण नजर शाबूत. रेहानाला जवळ घेऊन तिने तोंडावरून हात फिरवला, झेबाला मांडीशी बसवलं. भारतला तिने गाडीचा ड्रायव्हर समजून पाणी दिलं. रेहानाने विचारलं, मावशी, माझ्या रुखसतीला अब्बांनी काय केलं होतं, तुम्हाला आठवतं का?

“आठवायला काय झालं,” तानुबाई म्हणाली. “तुजा बाप रस्त्याला जाऊन उभा व्हता. जीप चालू करून ठिवलेली. मुस्तकीमचे चुलते लय वैतागले, म्हनं चला, उशीर झाला. तर निसारभाई म्हनं, त्यो कॅमेरावाला पोरगा येतो म्हनलाय, जरा थांबा, त्यो शब्द देऊन गेलाय. अर्धा तास थांबवली जीप. त्यो काय आला नाय.”

भारतच्या हातातला पाण्याचा पेला अर्धा भरलेला होता. तो त्याला पिताही येईना आणि खाली ठेवताही येईना.

“मग डोक्यावर हात ठेवला?” रेहानाने विचारलं.

“नाय गं. हात कुठं ठिवला. तुजा बाप आला, तुज्या म्होरं उभा राह्यला. तुज्या वढणीचा एक धागा सुटला व्हता पोपटापाशी. त्यो त्यानं दातानं तोडला, बोटानं काठ सारका केला. अन् मागं फिरून घरात गेला. मला मागनं म्हनला, हात ठिवला असता तर पोरीला जाऊच दिलं नसतं.”

रेहाना रडली नाही. तिने उजवा हात कानाजवळ नेला, ओढणीचा काठ जिथे येतो तिथे, आणि तो तिथेच राहिला. “श्वास,” ती झेबाला म्हणाली. “इथे श्वास लागला होता गरम. मला वाटायचं, ते मी मनाने घेतलंय.”

तानुबाईने विचारलं, का गं, आज कशाला हे? रेहानाने भारतकडे पाहिलं नाही. त्याला तिथून उठून गाडीपाशी जाऊन उभं राहता आलं असतं. म्हातारीने त्याला ड्रायव्हर समजलंच होतं.

“मावशी,” तो म्हणाला, “तो पोरगा मी.”

तानुबाईने डोळे बारीक करून त्याला निरखलं. रागावली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं असावं, अशा साध्या आवाजात तिने विचारलं, “मग आला का नाय?”

“मला दुसरीकडे जायचं होतं.”

“असं,” तानुबाई म्हणाली, आणि त्याच्या हातातला पेला काढून घेऊन आत गेली. शेवटपर्यंत निसारभाईला काय वाटलं असेल याचा ती विचार करत होती की नुसता पेला ठेवायला गेली होती, ते भारतला कळलं नाही. पण तेवढ्या एका शब्दाने तो जितका लहान झाला तितका रेहानाच्या रागानेही झाला नव्हता.

परतताना रेहाना झेबाशी बोलत राहिली, अब्बांच्या दाताबद्दल, धागा तोडायच्या त्यांच्या सवयीबद्दल. तिची अम्मी त्यांना ओरडायची, दात पडतील म्हणून, वगैरे. भारतशी ती बोलली नाही. वडाळ्याला उतरताना एवढंच म्हणाली, की त्या डिस्कमधलं ते काढून टाका आणि नवी कॉपी द्या. रुखसती नसली तरी चालेल.

त्याने ते दुसऱ्याच दिवशी केलं. पंगतींनंतर आता एकदम जीप निघते. झेबा डिस्क न्यायला दुकानात आली, आणि अम्मीचा निरोप म्हणून तिने सांगितलं, ते काढलेलं फेकू नका. तेही कोणाचे तरी अब्बा आहेत. ज्यांचे आहेत त्यांना नेऊन द्या.

भारतने सगळ्यात स्वच्छ चित्र एका पेन ड्राइव्हवर उतरवलं, काही न वाढवता, काही न पुसता. त्या लग्नाचं नाव त्याला आठवत नव्हतं, एवढंच आठवत होतं की मंडप द्वारकेमागच्या गल्लीत होता आणि नवरीचा बाप उंचापुरा, सोनेरी घड्याळ घालणारा होता. दोन रविवार तो त्या भागात फिरला. तिसऱ्या रविवारी एका किराणा दुकानदाराने एक घर दाखवलं, म्हणाला, त्यांच्या मुलीचं लग्न त्याच सुमाराला झालं होतं, विचारून बघा.

दार एका मध्यमवयीन बाईने उघडलं. कोण पाहिजे, तिने विचारलं. भारतने नाव सांगितलं, पूर्वी शूटिंग करायचो म्हणाला, आणि तुमच्या वडिलांचं एक चित्र माझ्याकडे असावं, म्हणाला. बाईने दार थोडं आणखी उघडलं. “त्यांचं तर सगळं आमच्या कॅसेटमध्ये आहे,” ती म्हणाली. “तुमच्याकडे वेगळं कसं काय?”

भारतने चपला काढल्या आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.